कोळशातले सखाराम मास्तर

सखाराम मास्तरांना ते जिवंत असताना श्रद्धांजली वाहायचा मान हर्सूलकरांना मिळाला, तो सुदर्शन बोडखेच्या कृपेनं. त्याचा हेतू वाईट नव्हता. उलट इतका चांगला होता, की त्या चांगुलपणानंच घात केला.

मास्तरांची पंच्याहत्तरी होती. शहरातली निम्मी लग्नं ज्यांच्या क्लॅरिनेटवर लागली, त्या बँडमास्तरांचा सत्कार त्यांच्या जुन्या साथीदारांनी हर्सूलच्या एका मंगल कार्यालयात ठेवला होता. आपला सुदर्शन राहतो पुंडलिकनगरात, दिवसा फ्लेक्सच्या दुकानात कामाला जातो, आणि उरलेल्या वेळात आवडत्या गायक-वादकांची चित्रं काढतो. निव्वळ कोळशानं. लांबून बघणाऱ्याला फोटोच वाटावा अशी. मास्तरांचं चित्र त्यानं कुणी न सांगताच काढलं, काच लावून फ्रेम केलं, आणि दुपारीच स्कूटरवर बांधून नेऊन कार्यालयाच्या दारात खुर्चीवर मांडलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण चित्र मांडून गप बसला तर तो सुदर्शन कसला.

कार्यालयवाल्यानं खुर्चीवर लाल मखमल घातली होती. तिचा लाल रंग काचेत उतरला आणि मास्तर पान खाल्ल्यासारखे दिसायला लागले. सुदर्शननं मखमल काढून पांढरं कापड अंथरलं. मग वरच्या ट्यूबलाइटनं काच चमकू लागली आणि गालावरच्या बारीक करड्या छटा, ज्यांच्यासाठी त्यानं बोटं झिजवली होती, त्या पार दिसेनाशा झाल्या. त्यानं तेवढी ट्यूब बंद केली. आता अंधार झाला. चित्रात उजेड डावीकडून येतो, म्हणून स्टेजवरची समई उचलून आणून त्यानं डाव्या अंगाला ठेवली. डास होते म्हणून कार्यालयाच्या माणसानं शेजारी उदबत्त्या लावल्या, पण तो काही सुदर्शनचा गुन्हा नाही. सुदर्शन चार पावलं मागं गेला, डोळे बारीक केले, मान तिरकी केली आणि खूश झाला. कोळसा असा जिवंत झाला होता म्हणता!

त्याला छटा दिसत होत्या. बाकीच्यांना जे दिसायचं ते दिसलं. पांढरं कापड, समई, उदबत्तीचा धूर आणि मधोमध डोळे मिटलेला काळापांढरा माणूस.

पहिलं जोडपं आलं ते उंबऱ्यातच थबकलं. बाईनं तोंडाला पदर लावला. "कार्यक्रमाच्या दिवशीच गेले वं," असं म्हणून तिनं सत्कारासाठी ठेवलेल्या हारांमधला एक उचलला आणि फ्रेमला घातला. हार पडला आणि मास्तर गेले. मागून येणाऱ्यानं आपोआप चपला काढल्या. त्याच्या मागच्यानं त्याचं बघून काढल्या. बघता बघता रांग लागली. कुणीतरी फोनच्या स्टेटसला चित्र टाकून खाली दोन जोडलेले हातही टाकले.

आणि सुदर्शन? तो चित्राशेजारी उभा होता. इतकी माणसं आपलं चित्र बघायला रांगेत उभी राहतात, बोलत नाहीत, काहींच्या तर डोळ्यांत पाणी, हे बघून त्याचा ऊर भरून आला होता. एकानं त्याचा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाला, "धीर धरा."

सुदर्शन म्हणाला, "धन्यवाद."

दुसऱ्यानं विचारलं, "शेवटी तरास झाला का?"

"झाला थोडा," सुदर्शन म्हणाला, "पण शेवटचं काम पटकन आटपलं."

एवढ्यात मास्तर स्वतः रिक्षातून उतरले. पांढरा सदरा, डोक्याला फेटा, खांद्याला क्लॅरिनेटची पिशवी. दारातली रांग बघितली, समई बघितली, आणि आपलाच मिटलेला चेहरा हाराआड बघितला. दुसरा कुणी ओरडला असता. मास्तर गपचूप रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले. सुदर्शनकडं बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्या पुढं होते फकिराभाऊ, त्यांच्याच बँडचे जुने ढोलवाले. आयुष्यभर ढोल बडवून कान गेलेले, त्यामुळं कानात बोलायचं तेही गावाला ऐकू जाईल असं बोलणारे. "लई मोठा मानूस!" ते पुढच्याला सांगत होते. "निम्मं गाव त्यानं लग्नाला लावलं!"

सुदर्शनच्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. तो समई उचलायला धावला, त्या गडबडीत फकिराभाऊ आणखी काय बोलले ते त्यानं ऐकलं नाही. तोवर मागून मास्तरांच्या बायको गीताबाई पोचल्या होत्या. त्यांनी एकच किंकाळी फोडली, हार ओढून काढला आणि तोच हार घेऊन सुदर्शनच्या अंगावर आल्या.

"मेल्या, कुंकू पुसायला निघालास व्हय माझं!"

मास्तर तेवढे पोट धरून हसत होते.

गोष्ट इथं संपली असती तर ती पुढची दहा वर्षं लग्नाच्या पंगतीत सांगायला झाली असती. पण सत्काराची भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला, आणि लोकांनी आग्रह केला म्हणून मास्तरांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं. खालचे सूर लोण्यासारखे आले. वर चढायची जागा आली, आणि मास्तर तिथंच थांबले. क्लॅरिनेट खाली घेतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं. "आज एवढंच," म्हणाले आणि बसले.

त्या दिवसापासून त्यांनी ते ओठाला लावलं नाही.

सुदर्शनला हे कळलं दुकानात. मास्तरांचा मुलगा लग्नाचा बॅनर करायला आला होता. नात मोनिका, तुळशीचं लग्न झाल्यावर लगेचचा मुहूर्त. सुदर्शननं कॉम्प्युटरवर नवरीचा फोटो बसवता बसवता उगाच विचारल्यासारखं विचारलं, "वरातीला मास्तरच ना?"

"डीजे सांगितलाय," मुलगा म्हणाला. "बाबा नाही म्हणतात. मोनी जन्मली तवापासून सांगत होते, हिच्या वरातीत मीच वाजवणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाय. आता विषय काढला तर उठून जातात. आई म्हणते, त्या चित्रानं दम ओढला."

सुदर्शनच्या बोटाखालचा माऊस सरकला आणि नवरीचा फोटो नवरदेवाच्या डोक्यावर जाऊन बसला.

आता हा सुदर्शन मुळात कसा माणूस, ते सांगायला पाहिजे. खुलताबादच्या अलीकडचं गाव. वडील सांडू बोडखे, शेती सीताफळाची आणि कपाशीची. शाळेतले गुरुजी म्हणायचे, ह्याच्या बुडाखाली विंचू आहे. आयटीआय केली, कंपनीत लागला, मशीनसमोर एका जागी उभं राहणं जमेना म्हणून सोडलं. विम्याचं काम धरलं, माणसांसमोर एका जागी बसणं जमेना म्हणून तेही सोडलं. फ्लेक्सच्या दुकानात टिकला, कारण तिथं अर्धा दिवस खांबावर चढण्यात जातो. जेवतानाही एक पाय हलत असतो. बायको सायली ताट सरकवून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवते तेव्हा तो दुसरा हलवतो.

कोळसा त्याला पटला तो ह्याच कारणानं. तेलरंग सुकायची वाट कोण बघणार? कोळसा लावला की लागला, नाही आवडला की फडक्यानं झटकला. कांड्यासुद्धा तो विकतच्या घेत नाही. गावी गेला की कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या बारीक काड्या डब्यात ठासून, झाकण चिखलानं लिंपून आईच्या चुलीत सरकवतो. आई आशाबाई म्हणते, "लोकांची लेकरं गावाकडनं लोणचं नेतात, ह्यो काजळी नेतो." चित्र काढतो तेही उभ्यानं. कागद भिंतीला चिकटवायचा, एक फराटा ओढायचा, मागं स्वयंपाकघरापर्यंत चालत जायचं, तिथून बघायचं, परत यायचं. एका चित्राला खुलताबादपर्यंतची चाल होत असेल.

आणि काढायचे ते वाजवणारे, गाणारेच. उरुसातले कव्वाल, भजनी मंडळातले पखवाजी, कुठल्या मैफलीतले सरोदिये. लोक म्हणायचे, काय संगीताचं वेड! वेड होतंच, पण आतली गोष्ट फक्त सायलीला माहीत होती. सुदर्शनला डोळे जमत नाहीत. सुरुवातीला त्यानं वडिलांचं चित्र काढलं होतं, उघड्या डोळ्यांचं. आशाबाईंनी बघून विचारलं, "ह्यो फौजदार कोन?" तेव्हापासून त्यानं धसका घेतला. गाणारी-वाजवणारी माणसं रंगात आली की डोळे मिटतात, हे त्याला मोठं सोयीचं वाटलं. पुंडलिकनगरातल्या त्या दोन खोल्यांच्या भिंतीवर एकाहून एक थोर माणसं डोळे मिटून टांगलेली.

सायली डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. ती म्हणते, "एखादा माझ्याकडं पाठवा. दोन थेंब टाकून उघडते."

मास्तरांचा मुलगा बॅनर घेऊन गेल्यावर मात्र तिला थट्टा सुचली नाही, कारण नवरा दार-खिडकी-दार अशा येरझाऱ्या घालायला लागला होता.

"अहो कोळसेवाले, एक विचारू? तुमच्या दुकानात मेलेल्या माणसाचा बॅनर कसा करतात?"

"काळापांढरा."

"आणि वाढदिवसाचा?"

"रंगीत."

"हे गिऱ्हाइकाला कोण समजावून सांगतं?"

"मीच," सुदर्शन म्हणाला.

"मग आता जा आणि माफी मागा. फरशी झिजवून मास्तर वाजवणार नाहीत."

तो गेला. गीताबाईंनी उंबऱ्यातच अडवला. हातात लाटणं होतं, ते योगायोगानं की कसं, कोण जाणे.

"मावशी, मी फक्त..."

"घरात लग्न हाय. काळं काय बी आत यायचं नाय. तुझी नखं बघ आधी."

सुदर्शननं नखं बघितली. मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या दिवशी तो लिंबू लावून, नखं घासून गेला, तर गीताबाई म्हणाल्या, "आज मनात काळं आसंल." तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्यांनी निदान बोट दाखवलं, "तळ्यावर गेल्यात. चालत्यात. दिसभर नुसते चालत्यात. हाताला काम नाय म्हनून पायाला लावलंय."

हर्सूलच्या तळ्याच्या बांधावर मास्तर खरोखरच चालत होते, भराभर, गाडी चुकल्यासारखे. खांद्याला क्लॅरिनेटची पिशवी. सुदर्शनला त्यांच्या शेजारी पोचायला पळावं लागलं.

"मास्तर, चूक झाली."

"कोन्ती?"

"ती... समईची."

"समई चांगली व्हती की. पितळी."

"मास्तर, चेष्टा नका करू. मावशी म्हणतात चित्रानं दम ओढला तुमचा. मी ते फाडून टाकतो, जाळून टाकतो. तुम्ही म्हणाल ते करतो. पण मोनिकाच्या वरातीत वाजवा."

मास्तर थांबले नाहीत. "गीताला देव, भूत, चित्र, सगळं खरं वाटतं. चित्र काय दम ओढतंय? कागद हाय तो." थोडं पुढं जाऊन ते म्हणाले, "रांगेत माझ्या म्होरं कोन व्हतं?"

"फकिराभाऊ."

"तो काय म्हनत व्हता, ऐकलं का?"

"निम्मं गाव लग्नाला लावलं म्हणून..."

"ते आधी. त्याच्या म्होरलं तू ऐकलं नाय, समई घेऊन पळत व्हतास. त्यो म्हनला, मानूस सोन्यासारखा, पन ह्या एक-दोन सालांत वरचा सूर फाटायचा त्याचा. कुनी तोंडावर बोललं नाय इतकंच."

सुदर्शनचे पाय पहिल्यांदाच आपणहून थांबले. मग तो परत पळत त्यांना गाठून म्हणाला, "अहो, पण फकिराभाऊंना ऐकू कुठं येतं? ढोलानं कान गेलेत त्यांचे!"

"तेच तर म्हनतो मी," मास्तर म्हणाले. "बहिऱ्याला बी कळलं. मंग कानवाल्यांचं काय?"

अपशकुन असता तर काहीतरी करता आलं असतं. नारळ फोडला असता, चित्र तळ्यात सोडलं असतं. पण ती रांग सुदर्शननंच लावली होती, आणि माणसानं मेल्याशिवाय ऐकू नये ते मास्तरांनी त्या रांगेत जिवंतपणी ऐकलं होतं. ते कसं पुसायचं? फडक्यानं झटकायला हा कोळसा नव्हता.

दोघं बांधाच्या टोकापर्यंत गेले आणि परत फिरले. मध्येच मास्तर म्हणाले, "आन एक सांग. माझे डोळे का मिटलेस?"

"फोटोत मिटलेले होते."

"फोटोवाल्यानं पापनी पडताना गाठलं मला. तुला एवढं कळू नये? आरं, बँडवाला डोळे मिटून वाजवंल तर घोड्याखाली जाईल! म्होरं घोडं, मागं जनरेटरचा गाडा, वर लायटीच्या तारा, आन बाजूला पिऊन नाचणारा नवरदेवाचा मामा. एक डोळा घोड्यावर, एक मामावर. डोळे मिटायची ऐश बैठकीत बसनाऱ्यांची. आमची मैफल चालती आसती, गड्या."

लहानपणी गावातल्या वरातीत हे क्लॅरिनेट ऐकून सुदर्शन घोड्याच्या मागं मागं दुसऱ्या वेशीपर्यंत गेला होता. तेव्हापासून मास्तर त्याचे. पण इतक्या वर्षांत त्यानं मास्तरांना ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. आपल्याला डोळे जमत नाहीत म्हणून त्यानं एका चालत्या माणसाला मैफलीत बसवून झोपवलं होतं.

"मास्तर, उघड्या डोळ्यांचं काढतो," तो म्हणाला. "पण फोटोवरून नाही. तुमच्यासमोर."

"काढ. मी वाजवनार नाय."

"नका वाजवू."

"आन बसनार बी नाय. बसलं की मला फकिराचं बोलनं आठवतं."

"मला तरी कुठं बसता येतं?" सुदर्शन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्सूलच्या बांधावर फिरायला येणाऱ्या लोकांना मजेशीर वरात दिसली. सखाराम मास्तर भराभर पुढं चालतायत, आणि त्यांच्यासमोर एक माणूस गळ्यात दोरीनं पाटी अडकवून, ताशेवाल्यासारखा, उलटा चालतोय. हातात कोळसा, तोंडात दुसरा कोळसा, ओठ काळे. एकदा तो म्हशीवर आदळला. म्हैस बाजूला झाली नाही, सुदर्शनच "सॉरी" म्हणाला. फिरायला आलेला एक जण ओरडला, "क्या मास्टर, पासपोर्ट फोटो निकालरे क्या?"

कपाळ आलं, फेटा आला, नाकाचं टोक आलं. उलटं चालताना रेघ थरथरत होती, पण ती थरथर खोटी वाटत नव्हती. डोळ्यांशी मात्र घोडं अडलं. दोन दिवस गेले, तीन गेले. सुदर्शन काढायचा आणि पुसायचा. कागद तिथं लोकरीसारखा व्हायला लागला.

"हे डोळे माझ्याकडं बघतायत," तो शेवटी चिडून म्हणाला. "स्टुडिओत बसल्यासारखे. वाजवताना तुम्ही कुठं बघता?"

"सांगितलं ना. घोड्याकडं."

"घोड्याकडं म्हणजे कसं?"

"कसं म्हंजी? घोड्याकडं म्हंजी घोड्याकडं!"

"बघा ना मग तसं."

मास्तरांनी बघून दाखवलं. फौजदार दिसायला लागले.

"नाही, मास्तर. हे खोटं आहे."

आयुष्यभर कुणी त्यांना वाजवण्याच्या बाबतीत खोटं म्हणालं नव्हतं. ते बांधावर थांबले. "खोटं? थांब, तुला दावतो घोडं," म्हणत त्यांनी पिशवीतून क्लॅरिनेटचे तुकडे काढले, फटाफट जोडले, फुंकायच्या टोकाची पट्टी जिभेनं ओली केली आणि फुंकर मारली.

आणि डोळे बदलले. आधी मोठे झाले, मग लांब गेले, बांधाच्या टोकापर्यंत. तिथून वरच्या तारांवर, तिथून खाली. समोरून सायकलवाला आला, त्याला वाट देऊन मास्तर सूर न सोडता बाजूला सरकले, आणि त्या सरकण्यात त्यांच्या डाव्या डोळ्यात असं काही मिश्कील चमकलं, की जणू अख्खी वरात हा माणूस नजरेनं हाकतोय. सुदर्शनचा हात पळत सुटला. पापणी, बुबूळ, कोपऱ्यातली सुरकुती. खोडरबराच्या टोकानं एक पांढरा ठिपका उचलला, आणि कागदावरच्या डोळ्याला घोडं दिसायला लागलं.

मास्तर वरच्या सुराकडं चढले. चढायच्या जागेला सूर चरकन फाटला.

ते थांबले. क्लॅरिनेट छातीशी धरून मास्तर सुदर्शनकडं बघत राहिले. "ऐकलास?"

'कुठं फाटला, मास्तर, वारा होता,' असं काहीतरी म्हणायची हीच वेळ होती. सायलीनं तसं घोकवून घेतलं होतं. पण सुदर्शन कागदात बुडालेला होता.

"फाटला," तो मान वर न करता म्हणाला. "पण हलू नका. डावा डोळा आलाय, उजवा राहिलाय. परत त्या जागेपर्यंत या."

"आरं, माझा सूर फाटला आन तुला डोळ्याची पडलीय?"

"हो. या ना लवकर, ऊन वर चाललंय."

मास्तरांनी त्याला एक अस्सल शिवी दिली. ती इथं लिहिण्यासारखी नाही, पण तिच्यात जोर होता. मग परत खालून सुरुवात केली. परत फाटला. ह्या वेळी ते थांबले नाहीत, फाटल्या जागेवरून तसेच पुढं गेले, वळसा घालून खाली उतरले, आणि पुन्हा चढले. सुदर्शन उलटा चालत होता, मास्तर सुलटे. उजव्या डोळ्याची नुसती भुवई झाली तेवढ्यात कांडी मोडली, आणि दुकान उघडायची वेळही झाली.

"उजवा उधार," सुदर्शन म्हणाला.

"लग्नात दे," मास्तर म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते कळून दुसरीकडं बघायला लागले.

मोनिकाच्या वरातीला डीजे आला होता, भिंतीएवढा. पहिल्या चौकापर्यंत त्यानं लोकांच्या छातीत धडधड भरली. चौकात मास्तर फेटा बांधून पुढं आले आणि डीजेवाल्याला म्हणाले, "बाळा, जरा पानी पिऊन ये." फकिराभाऊंनी गळ्यात ढोल अडकवला. मांडवाच्या दारात गीताबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मास्तरांनी घोड्याकडं एकदा बघितलं, तारांकडं एकदा, आणि सुरू केलं.

वरच्या जागेला सूर फाटलाच. सगळ्यांना कळला. फकिराभाऊ नेमके तिथंच ओरडले, "वा!" मास्तरांना वाजवता वाजवता हसू फुटलं. हसण्यानं सूर आणखीच फाटला आणि मोनिका घोड्यामागच्या गाडीतून उतरून, नवरी असून, रस्त्यात नाचायला लागली.

सुदर्शन गळ्यात पाटी अडकवून उलटा पळत होता. उजवा डोळा येत होता. येतच होता. बुबूळ जागेवर बसलं होतं, आता फक्त तो पांढरा ठिपका उचलायचा, एवढ्यात नवरदेवाच्या मामानं, ज्याच्याबद्दल मास्तरांनी आधीच सावध केलं होतं, त्याला मागून मिठी मारली आणि गर्रकन फिरवून पाटीसकट छातीशी धरलं. सोडलं तेव्हा मामाच्या पांढऱ्या सदऱ्यावर सखाराम मास्तरांचा उजवा डोळा होता. कागदावर नव्हता.

"मामा, हलू नका!" सुदर्शन ओरडला. मामा कसला थांबतो!

ते चित्र आता मास्तरांच्या पुढच्या खोलीत आहे. रंगीत नाही, काळंच आहे. गीताबाईंनी ते आत घेतलं, पण दोन अटींवर. समोर समई ठेवायची नाही आणि हार घालायचा नाही. फ्रेमला काच नाही, कारण उजवा डोळा अजून बाकी आहे. तिथं नुसता एक करडा डाग आहे. आलेल्या पाव्हण्याला गीताबाई सांगतात, "काम चालू हाय."

सुदर्शन तो डोळा भरायला जातो. दर रविवारी जातो. कधी मास्तर कुणाच्या वरातीला गेलेले असतात, कधी तळ्यावर. ते घरी सापडले तर गीताबाई नेमक्या त्याच वेळी त्यांना दळण आणायला धाडतात, आणि सुदर्शनला चहा देऊन म्हणतात, "काय घाई हाय? देनं ऱ्हायलं की मानूस येत-जात ऱ्हातो."

फोटोवरून भरला तर एका फराट्याचं काम आहे, सायली म्हणते. तो ऐकत नाही. शर्टाच्या खिशात पऱ्हाटीची कांडी असते, खिसा कायमचा काळा झालाय, आणि सायली तो घासताना जे बोलते ते मास्तरांच्या शिवीच्या जवळपास जातं.

परवा जेवताना त्याचा फोन वाजला. मास्तर होते. मागं बँडची जुळवाजुळव चाललेली ऐकू येत होती.

"काय रं, माझा उजवा डोळा कधी देतूस?"

"उद्या सकाळी येतो, मास्तर."

"उद्या मी कन्नडला. वरातीची सुपारी घेतलीय."

"मग परवा."

"परवाचं परवा बघू. एका डोळ्यावर चाललंय तवर चाललंय," असं म्हणून मास्तरांनी फोन ठेवला.

सुदर्शनचा पाय ताटाशेजारी हलायला लागला. सायलीनं गुडघ्यावर हात ठेवला. तो दुसरा हलवायला लागला.